वगरु

जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर,
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
सहाजण वाइन चाखायला बसतात.
मी सातवा.
डॉक्टर सुमेधा होटगीकरांकडे पेले सहाच होते,
मला स्टीलचं फुलपात्र दिलं.

मी म्हटलं, नको.
बत्तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डायहाउसात
टॉवेलांचा लाल जुळवला मी.
स्टीलमध्ये काय दिसणार?
मग चहाचा काचेचा ग्लास आला.
खिशातला पांढरा रुमाल पसरून
मी त्यावर तो धरला,
ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी,
उरलेल्या उजेडात, नमुना धरतात तसा.
मध्ये जांभळट. कडेला विटकरी.
"हा रंग दोन धुण्यांत जाईल," मी म्हणालो.
कुणी हसलं. कुणी वहीत लिहून घेतलं.

पुस्तकात दिलंय : लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी.
कुठल्या गावची खोली?
एप्रिल आहे, भिंतीला पाठ टेकवत नाही.
गुरुनाथ शिवशेट्टीनं बाटली ओल्या पंचात गुंडाळून
तासभर माठाशेजारी ठेवली होती,
ताप आलेल्या पोरासारखी.

मग वास.
चेरी, एकजण म्हणाले.
चेरी आम्ही सगळ्यांनी केकवरचीच खाल्लेली.
ओकचं लाकूड, डॉक्टर म्हणाल्या,
आणि स्वतःच थांबल्या.
नान्नजचा मल्लिनाथ, ज्याच्या घरच्या द्राक्षांचा
आजवर फक्त बेदाणाच झाला,
पेल्यात नाक घालून बराच वेळ गप्प होता.
"गंधक येतोय का हो, शेडमधला?"
येत नव्हता.
पण सगळ्यांनी पुन्हा हुंगून पाहिलं.

माझं नाक हायड्रोसनं केव्हाच नेलंय.
मी सरळ जिभेवर घेतली,
धरून ठेवली.
गालांच्या आतून कुणी ताणा ओढला
आणि तोंडातून निघालं, "वगरु."

काय?
तुरट, म्हणालो. आमच्या तेलुगूत वगरु.
पण तुरट म्हटलं की ते औषध होतं, हिरडा होतो.
वगरु म्हणजे
कच्ची केळी चिरल्यावर बोटांना राहतं ते,
जांभळाची साल दातांना सांगते ते.
आई हा शब्द तोंड वाकडं करूनच म्हणायची,
तसाच तो म्हणता येतो.
डॉक्टरांनी वहीतलं टॅनिन खोडलं
आणि विचारलं, शेवटचा रु ऱ्हस्व ना?

जिना उतरताना नान्ना आठवले.
शनिवारी आठवड्याचे पैसे मिळाले की
मागावरून उठून ते शिंदीच्या दुकानात जायचे.
घरी आले की आई ताट सरकवायची, बोलायची नाही.
आम्ही पाचही भावंडं एका चादरीत
झोपल्याचं सोंग करायचो.
किती प्यालात, कुणाबरोबर, उरले किती,
हे विचारलं त्यांना जन्मभर
आईनं, मामांनी, एकदा तर पंचांनीसुद्धा.
चवीला कशी होती,
हे नाही विचारलं कुणी.

त्यांना सांगता आलं असतं.
सुताला खळ कमी लागलीय की जास्त,
धाग्याचं टोक जिभेला लावून सांगायचा तो माणूस.

राजेश्वरीनं दार उघडलं.
बाजारात खरबूज हुंगतात तसं
माझ्या तोंडाशी नाक आणलं,
मग हनुवटी धरून दात बघितले.
"महिन्याला अकराशे," म्हणाली,
"आणि दात जांभळे."
शेंगाचटणीवर तेल ओतता ओतता,
पाठमोरी,
"गोड असते का रे?"

नाही, म्हणालो. बस, सांगतो.

पुढच्या महिन्यात पांढरी आहे म्हणे.
पांढऱ्याइतका अवघड रंग नाही जुळवायला,
एका पांढऱ्यात पन्नास पांढरे निघतात.
टॉवेल मी घरून नेणार आहे.
काळा.